चौऱ्याहत्तर टक्क्यांचं प्रकरण : तेहरान, २००२

इराणी माणूस अमेरिकेकडे कसा बघतो असं विचारलं की आपल्यासमोर हमखास दोन चित्रं ठेवली जातात. एकात शुक्रवारच्या नमाजाला जमून 'अमेरिका मुर्दाबाद' म्हणणारी गर्दी असते, दुसऱ्यात उत्तर तेहरानच्या कॅफेत बसलेली, अमेरिकी गाणी ऐकणारी तरुण मुलं. दोन्ही चित्रं खरी आहेत, पण त्यांच्यावरून आठ-नऊ कोटींच्या देशाबद्दल काहीच ठरवता येत नाही. २००२ साली इराणमधल्याच काही मंडळींनी चित्रं बाजूला सारून सरळ लोकांना विचारायचं ठरवलं. त्यांनी विचारलं, आकडा जाहीर झाला आणि दीड महिन्याच्या आत विचारणारे गजाआड गेले.

हे प्रकरण इथे जरा तपशिलात मांडतो आहे. सर्वेक्षण करणाऱ्या तिघांची आणि त्यातल्या खासगी संस्थेची नावं मुद्दाम गाळली आहेत. सत्तेच्या पदांवर असलेल्यांची नावं मात्र ठेवली आहेत, कारण त्यांच्याशिवाय गोष्टच उभी राहत नाही.

पार्श्वभूमी

परक्यांबद्दलचा इराणी संशय १९७९च्या क्रांतीतून आला असं समजणं ही पहिली गफलत. तो पुष्कळ जुना आहे, आणि त्यात पहिला मान अमेरिकेकडे नसून रशियाकडे आणि इंग्रजांकडे जातो. १८१३चा गुलिस्तानचा आणि १८२८चा तुर्कमानचायचा, अशा दोन तहांत इराणच्या तेव्हाच्या काजार राजवटीला कॉकेशसमधला मुलूख झारच्या पदरात टाकावा लागला. तुर्कमानचाय हे नाव इराणी माणसाच्या तोंडी अजून आहे. सरकारने कोणासमोर मान तुकवली असं वाटलं की लोक तेच नाव घेतात. २०२१मध्ये चीनशी पंचवीस वर्षांचा सहकार्य करार झाला तेव्हाही समाजमाध्यमांवर ते पुन्हा निघालं. १९०७मध्ये रशिया आणि ब्रिटनने इराणचे प्रभावक्षेत्रांत वाटे केले, १९४१मध्ये दोघांनी दोन बाजूंनी फौजा घुसवल्या. म्हणून मॉस्को कितीही जवळचा मित्र ठरो, बुशहरची अणुभट्टी रशियनांनी बांधून देवो, सामान्य इराणी माणूस या मैत्रीवर विसंबत नाही. २००९च्या निवडणुकीनंतर रस्त्यावर उतरलेल्यांनी 'रशिया मुर्दाबाद'च्याही घोषणा दिल्या होत्या.

अमेरिका या यादीत उशिरा दाखल झाली. एके काळी तिचं नाव चांगल्यांत होतं. हॉवर्ड बास्करव्हिल नावाचा तरुण अमेरिकी शिक्षक १९०९मध्ये तबरिझ शहरात इराणी घटनावाद्यांच्या बाजूने लढताना मारला गेला. त्याची कबर तिथेच आहे. सदिच्छेचा हा साठा संपला १९५३मध्ये. तेलाचं राष्ट्रीयीकरण करणाऱ्या पंतप्रधान मोसादेघ यांना अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तहेर संस्थांच्या मदतीने पाडण्यात आलं आणि शहाचा, म्हणजे इराणच्या राजाचा, अंमल पक्का झाला. क्रांतीत देशाबाहेर पळालेल्या शहाला १९७९च्या ऑक्टोबरात उपचारांसाठी अमेरिकेत प्रवेश मिळाला, तेव्हा तेहरानच्या विद्यार्थ्यांना पुन्हा १९५३ दिसू लागलं. ४ नोव्हेंबरला त्यांनी अमेरिकी दूतावासात शिरून माणसं ताब्यात घेतली. बावन्न जण ४४४ दिवस ओलीस राहिले.

मग इराक युद्ध. १९८० ते १९८८. सद्दामच्या विमानांनी १९८७मध्ये सरदश्त या गावावर रासायनिक बॉम्ब टाकले आणि बाहेरच्या जगाने बहुतांशी कानांवर हात ठेवले. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकी युद्धनौकेने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. इराणी घरांत या गोष्टी ऐकायला पाठ्यपुस्तक लागत नाही, भिंतीवर कोणाचा ना कोणाचा फोटो असतो.

इतकं सगळं होऊनही १९९७मध्ये मोहम्मद खातमी सुमारे दोन कोटी मतं घेऊन अध्यक्ष झाले. त्यांनी जानेवारी १९९८मध्ये सीएनएनवर मुलाखत देऊन अमेरिकी जनतेशी संवादाची भाषा केली. २०००मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑल्ब्राइट यांनी १९५३मधला अमेरिकेचा हात जाहीरपणे मान्य केला आणि गालिचे, पिस्ते, कॅव्हियार यांवरची आयातबंदी उठली. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर तेहरानमध्ये तरुण मेणबत्त्या घेऊन जमले. त्या डिसेंबरात बॉन परिषदेत अफगाणिस्तानचं नवं सरकार बसवताना इराणी आणि अमेरिकी मुत्सद्दी एकाच बाजूने खटपट करत होते. आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २९ जानेवारी २००२ रोजी, अध्यक्ष बुश यांनी इराणला इराक आणि उत्तर कोरियाच्या पंगतीत बसवून 'दुष्टांचा अक्ष' म्हटलं. तेहरानमध्ये जे लोक अमेरिकेशी बोलावं म्हणत होते, त्यांची पंचाईत यापेक्षा वाईट रीतीने करता आली नसती.

अडचण

२००२च्या उन्हाळ्यात मजलिस म्हणजे संसद सुधारणावाद्यांच्या हातात होती, अध्यक्षपदही. पण न्यायसंस्था, कायदे आणि उमेदवार तपासणारं पालक मंडळ, क्रांतिरक्षक दल आणि सगळ्यात वर सर्वोच्च नेते अली खामेनी, ही सगळी ताकद दुसऱ्या बाजूला. अमेरिकेशी बोलायचं की नाही हा निर्णय निवडून आलेल्यांचा नव्हताच. एप्रिल २०००मध्ये एकापाठोपाठ एक वर्तमानपत्रं बंद करून न्यायसंस्थेने आपले दात दाखवले होते. मे २००२मध्ये तर तेहरानच्या न्यायखात्याने बजावलं की अमेरिकेशी चर्चेची तरफदारी छापणाऱ्यांवर खटले भरले जातील.

त्यात वॉशिंग्टनने भर घातली. १२ जुलैला बुश यांनी निवेदन काढून इराणी जनतेच्या आकांक्षांना पाठिंबा दिला आणि राज्यकर्त्यांना टोला मारला. लोक आमचे, सरकार शत्रू, अशी ती मांडणी होती. ऑगस्टमध्ये नतान्झचा अणुप्रकल्प उघडकीला आला. शेजारी इराकवर हल्ल्याची तयारी दिसतच होती.

अशा वेळी मजलिसच्या राष्ट्रीय सुरक्षा आणि परराष्ट्र धोरण समितीला एक साधी गोष्ट हवी होती: लोकांना काय वाटतं? 'जनता अमेरिकेचा द्वेष करते' हे वाक्य कट्टरपंथी रोज वापरत, 'जनतेला संबंध हवेत' हे सुधारणावादी. दोघांकडेही पुरावा नव्हता. समितीचे अध्यक्ष मोहसिन मिर्दामादी हे १९७९मध्ये दूतावासात शिरलेल्या विद्यार्थी नेत्यांपैकी एक. आणि पुढे तुरुंगात गेलेल्या तिघांतला सगळ्यात परिचित माणूसही त्याच विद्यार्थ्यांतला. तो आता पत्रकार आणि संशोधक होता. १९९८मध्ये पॅरिसला जाऊन त्याने एका माजी अमेरिकी ओलिसाची जाहीर भेट घेतली होती. ज्यांनी शत्रुत्वाची सुरुवात आपल्या हातांनी केली, तेच वीस वर्षांनी ते मोजायला निघाले होते. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. सुधारणावादी गोटातली बरीच माणसं याच वाटेने आलेली होती, म्हणून तर त्यांना 'अमेरिकेचे हस्तक' म्हणणं कट्टरपंथीयांना सहजासहजी जमत नव्हतं. त्यासाठी काहीतरी हातात लागायला हवं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, न विचारणं. मे महिन्याचा इशारा ताजा होता. तो जरी वर्तमानपत्रांना उद्देशून असला तरी त्याचा रोख कोणाच्या लक्षात आला नसेल असं नाही.

दुसरा, विचारायचं पण कपाटात ठेवायचं. इराणच्या सत्ताधाऱ्यांना लोकमत कळत नव्हतं अशातला भाग नाही. सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणीचं स्वतःचं सर्वेक्षण केंद्र होतं. असे आकडे गोळा होत आणि मोजक्या टेबलांवर जात. समितीने अहवाल मागवून बंद दाराआड वाचला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. उपयोगही फारसा झाला नसता, कारण समितीला आकडा हवा होता तो सार्वजनिक वादात वापरायला.

तिसरा पर्याय मला त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो. संस्कृती मंत्रालयाने नुकतंच इराणी लोकांच्या मूल्यांचं आणि दृष्टिकोनांचं मोठं देशव्यापी सर्वेक्षण केलं होतं: कुटुंब, धर्म, विश्वास, समाधान असे कितीतरी विषय. त्याच्या पुढच्या फेरीत परराष्ट्र धोरणाचे चार-दोन प्रश्न मिसळता आले असते. रशिया, युरोप, अरब देश, तुर्कस्तान, अमेरिका, सगळ्यांबद्दल एकाच ओळीत विचारलं असतं तर अमेरिका सुटी पडली नसती आणि मित्रराष्ट्रांबद्दल लोकांना काय वाटतं तेही पुढे आलं असतं.

चौथा, थेट विचारायचं आणि थेट जाहीर करायचं.

काय केलं गेलं

चौथा निवडला गेला. संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीतली लोकमत संस्था आणि तिच्या जोडीला इतर सर्वेक्षण संस्था कामाला लागल्या. पंधरा वर्षांवरच्या सुमारे दीड हजार लोकांना विचारण्यात आलं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात 'इर्ना' या सरकारी वृत्तसंस्थेने निष्कर्ष प्रसिद्ध केले: सुमारे ७४ टक्के लोक अमेरिकेशी चर्चेच्या बाजूने. शेजारीच दुसरा आकडा होता, जवळपास ४६ टक्के लोकांना अमेरिकेचं इराणविषयक धोरण 'काही प्रमाणात बरोबर' वाटत होतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण या दोन आकड्यांच्या वाचनावर फिरलं.

चर्चा हवी म्हणणं म्हणजे अमेरिका आवडते म्हणणं नाही. त्याच वर्षी गॅलप या अमेरिकी संस्थेने नऊ मुस्लिम देशांतल्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर केले होते, त्यात इराणही होता, आणि तिथे बहुसंख्य इराणींचं अमेरिकेबद्दलचं मत प्रतिकूलच निघालं होतं. म्हणजे एकाच वर्षात एकच समाज म्हणतो की हा देश आम्हाला पसंत नाही, आणि म्हणतो की त्याच्याशी बोला. यात विसंगती कुठे आहे? युद्ध, निर्बंध, बेकारी, व्हिसासाठी दुबई आणि अंकाराच्या वाऱ्या, हे सगळं सोसणाऱ्या माणसाला शत्रूशी बोलणी करणं हा कामाचा भाग वाटतो, प्रेमाचा नाही.

दुसरा आकडा जास्त घातक ठरणारा होता. 'काही प्रमाणात बरोबर' यात काय काय मावतं पाहा. अमेरिका इराणच्या राज्यकर्त्यांवर टीका करते ती बरोबर, असं एखाद्याला म्हणायचं असेल. निर्बंध बरोबर असं म्हणणारा विरळा. प्रश्न इतका सैल होता की त्यात स्वतःच्या सरकारवरचा राग अमेरिकेच्या खात्यावर जमा झाला असण्याची दाट शक्यता आहे. अक्षाच्या भाषणानंतर आठ महिन्यांनी हा आकडा सरकारी वृत्तसंस्थेकडून बाहेर पडला. कट्टरपंथीयांना याहून आयतं कोलीत कोणी दिलं असतं?

पुढचा घटनाक्रम वेगाने घडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरकारी लोकमत संस्थेला टाळं लागलं, त्याच महिन्यात तिच्या प्रमुखांना अटक झाली. इर्नाच्या प्रमुखांना न्यायालयाचं बोलावणं आलं. महिन्याच्या शेवटी खासगी संस्थेच्या संचालकाला उचललं. आणि ४ नोव्हेंबरला, दूतावासावरच्या कब्ज्याच्या तेविसाव्या वर्धापनदिनी, जुन्या इमारतीसमोर दरवर्षीची निदर्शनं चालू असताना, त्या कब्ज्यातल्या माजी विद्यार्थ्याला त्याच्या घरून नेण्यात आलं. तारीख मुद्दाम निवडली होती की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तेहरानमध्ये प्रत्येकाने ती मुद्दाम निवडली असंच धरलं.

खटला डिसेंबरात उभा राहिला, वर्तमानपत्रं बंद करण्यासाठी ख्यात असलेल्या न्यायाधीश सईद मुर्तझवी यांच्यासमोर. आरोपांचा सूर असा की आकडे बनावट आहेत, परकीयांना माहिती विकली, गॅलपकडून पैसे घेतले. एक गोष्ट लक्षात घ्या: मजलिसच्या समितीने मागवलेलं सर्वेक्षण आणि त्या खासगी संस्थेने परदेशी संस्थेसाठी केलेलं काम या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आरोपपत्राने त्यांची एकच मोट बांधली. मजलिसचं काम गुन्हा ठरवणं अवघड, अमेरिकी संस्थेकडून पैसे घेणं मात्र वाईट दिसायला पुरेसं. मिर्दामादी यांनी सर्वेक्षण आपल्या समितीसाठी झालं असल्याचं सांगितलं. खातमी सरकारच्या बाजूनेही हेरगिरीचा आरोप नाकारला गेला. न्यायालयावर परिणाम शून्य.

मग त्या माजी विद्यार्थ्याने न्यायालयात काही चुका झाल्याचं कबूल केल्याच्या बातम्या आल्या. माणूस एकांत कोठडीत होता. अशा कबुलीला पुरावा म्हणून कवडीची किंमत नाही, पण तिचा उपयोग पुराव्यासाठी नव्हताच. सुधारणावाद्यांनी एकमेकांकडे संशयाने बघावं, एवढं तिने साधलं.

२००३च्या सुरुवातीला तिघांतल्या दोघांना आठ आणि नऊ वर्षांच्या शिक्षा झाल्या. अपिलात त्या साडेचार वर्षांवर आल्या. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शत्रूला माहिती विकल्याचा ठपका उडवून लावला आणि तो माजी विद्यार्थी बाहेर आला. पुढेही तो तेहरानमध्येच राहिला, लिहीत राहिला.

निर्णय कुठे कुठे अडले

या प्रकरणाबद्दल बाहेर लिहिलं गेलं ते बहुतेक 'सत्य बोलल्याची शिक्षा' या अंगाने. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. कट्टरपंथीयांना आकड्याची भीती वाटली याचं कारण त्यांना अमेरिकेशी बोलायचंच नव्हतं, असं नाही. भाऊबंदकी पेटलेल्या घरात शेजाऱ्याशी बांधाची बोलणी कोणी करायची यावरून जुंपते तेव्हा खरा प्रश्न बांधाचा नसतो, कर्ता कोण याचा असतो. तेहरानमध्ये तेच चाललं होतं. चर्चेला लोकांचा एवढा पाठिंबा असेल तर ती घडवून आणणाऱ्याच्या पदरात केवढं श्रेय पडेल! ते खातमींच्या गोटाला मिळू द्यायचं नव्हतं. त्याच सप्टेंबरात खातमींनी अध्यक्षाचे अधिकार वाढवणारी आणि पालक मंडळाचे कमी करणारी दोन विधेयकं मजलिसमध्ये आणली होती. सर्वेक्षण नेमकं त्या लढाईच्या तोंडाशी आलं. पुरावा नंतरच्या इतिहासात आहे. २०१२मध्ये ओमानमार्फत अमेरिकेशी गुपचूप बोलणी सुरू झाली ती खामेनींच्या संमतीने, आणि २०१३मध्ये त्यांनी स्वतःच 'वीरोचित लवचीकता' हा शब्दप्रयोग वापरून दार किलकिलं केलं. लोकमत २००२मध्येही होतं, परवानगी नव्हती.

प्रसिद्धीचा निर्णय मला सगळ्यात कच्चा वाटतो. समितीने आपल्या बैठकीत अहवाल मांडून, प्रश्नावलीसकट, सगळ्या तक्त्यांसकट तो सभागृहाच्या कागदपत्रांत घातला असता, तर तो मजलिसचा दस्तऐवज झाला असता. इर्नाने दोन ठळक आकडे उचलून बातमी केली आणि तो राजकीय घोषणेसारखा वाजला. सरकारी वृत्तसंस्थेने सांगितलं म्हणजे सरकारच सांगतंय, असा अर्थ देशात लागला. परदेशात लागला तो आणखी निराळा: इराणी जनता आमच्या बाजूने आहे. संशोधकांना यातलं एकही वाचन अभिप्रेत नव्हतं.

परदेशी संस्थेसाठीचं काम आणि देशातल्या सर्वात ज्वालाग्राही प्रश्नावरचं काम एकाच छपराखाली असणं, ही दुसरी जागा. व्यवसाय म्हणून पाहिलं तर यात गैर काही नाही, जगभरच्या सर्वेक्षण संस्था असंच पोट भरतात. पण मे महिन्याचा इशारा वाचलेल्या माणसाने करारांच्या प्रती कोणाकोणाकडे आहेत, परराष्ट्र खात्याला लेखी कळवलं आहे का, पैसा कोणत्या बँकेतून आला, हे सगळं आधी तपासून ठेवायला हवं होतं.

तिसरी जागा सुधारणावादी सरकारची. त्यांनी निषेध केले, खुलासे केले, पण पणाला काही लावलं नाही. ती दोन विधेयकं पालक मंडळाने फेटाळली, २००४मध्ये खातमींनी ती मागे घेतली, आणि त्याच वर्षीच्या मजलिस निवडणुकीत दोन हजारांहून अधिक उमेदवार बाद केले गेले. सर्वेक्षणवाल्यांच्या अटकेवर जे सरकार तोंडी निषेधापलीकडे गेलं नाही त्याच्यावर पुढचे घाव घालताना कोणाचा हात थरथरला नाही.

परिणाम

पहिला परिणाम उघड आहे: देशातल्या देशात अमेरिकेबद्दल विचारून ते उघडपणे छापण्याचं धाडस आटलं. विद्यार्थ्यांची सर्वेक्षण संस्था 'इस्पा' यांसारख्या संस्था पुढेही काम करत राहिल्या, पण निवडणुका, हिजाब, महागाई यांवर अधिक. परराष्ट्र धोरणावर हात राखून.

मोजणीचा मोठा भाग मग बाहेरून होऊ लागला. टोरंटोहून फोनवर प्रश्न विचारणारी एक संस्था मेरिलँड विद्यापीठाबरोबर काम करते, तर नेदरलँड्समधली 'गमान' ही संस्था इंटरनेटवर, व्हीपीएनच्या वाटेने लोकांपर्यंत पोहोचते. दोघींची चित्रं जुळत नाहीत. फोनवर बोलणारा इराणी माणूस अणुकार्यक्रमाचा पाठीराखा आणि अमेरिकेवर नाराज दिसतो. इंटरनेटवर निनावी उत्तर देणारा राजवटीवर आणि तिच्या घोषणांवर कमालीचा चिडलेला दिसतो. फोनवर अनोळखी आवाजाला कोण मन मोकळं करणार, हा एका बाजूचा आक्षेप. व्हीपीएन वापरून राजकीय प्रश्नावली भरणारा माणूस मुळात कोण, हा दुसऱ्या बाजूचा. दोन्ही आक्षेपांत दम आहे. त्यामुळे झालंय असं की तेहरान, वॉशिंग्टन, तेल अविव, सगळे आपापल्या सोयीचा आकडा उचलतात. घराघरांत जाऊन समोरासमोर विचारणारी, प्रश्नावली उघडी ठेवणारी देशी संस्था असती तर या दोन चित्रांमधलं अंतर तपासता आलं असतं. ती शक्यता २००२मध्येच मोडली.

एका बाबतीत मात्र फोनवरचे आकडे उपयोगी आहेत, कारण तेच प्रश्न वर्षानुवर्षं विचारले गेले. जुलै २०१५मध्ये अणुकरार झाल्यावर सुमारे तीन चतुर्थांश लोक त्याच्या बाजूने होते. मे २०१८मध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढलं आणि निर्बंध परतले. बहुसंख्य उत्तरदात्यांचा धडा असा निघू लागला की सवलती देण्यात अर्थ नाही, समोरचा शब्द पाळत नाही. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिण्याची ही गत. त्याच काळात रस्त्यावर एक वेगळीच घोषणाही ऐकू येत होती, 'आमचा शत्रू इथेच आहे, अमेरिका आहे म्हणतात ते खोटं'. जानेवारी २०२०मध्ये अमेरिकेने मारलेल्या सेनापती कासेम सुलेमानीच्या अंत्ययात्रेला लोटलेला जनसागर आणि काही दिवसांतच युक्रेनचं प्रवासी विमान क्रांतिरक्षकांनीच पाडल्याचं कबूल झाल्यावर विद्यापीठांत उसळलेला संताप, दोन्ही एकाच पंधरवड्यातले. काही माणसं दोन्हीकडे गेली असतील, तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

प्रश्नावलीपासून सुरुवात करू. 'चर्चा हवी का?' या प्रश्नाच्या अलीकडे आणि पलीकडे दोन-दोन प्रश्न हवे होते. अमेरिकेवर विश्वास आहे का? चर्चा कोणी करावी, आणि कोणत्या बदल्यात काय सोडायची तयारी आहे? निर्बंध उठण्याआधी की उठल्यानंतर? हे विचारलं असतं तर ७४ हा आकडा एकटा बाहेर पडलाच नसता, त्याच्या हाताला अविश्वासाचा आकडा धरून बाहेर पडला असता. तशी बातमी कमी खळबळजनक आणि जास्त खरी झाली असती. 'काही प्रमाणात बरोबर' असा सैल पर्याय तर काढूनच टाकायला हवा होता.

मित्रांबद्दलही विचारायला हवं होतं. रशियावर, युरोपवर, सीरियावर किती भरवसा, हे त्याच तक्त्यात आलं असतं तर अमेरिकेवरचा अविश्वास ही परक्यांवरच्या जुन्या अविश्वासाचीच एक शाखा असल्याचं दिसलं असतं.

आता खरं सांगायचं तर यातल्या कशानेही ते तिघे वाचले असते असं मला वाटत नाही. ज्यांना निमित्त हवं होतं त्यांनी दुसरं शोधलं असतं. पण प्रश्नावली नीट असती तर बाहेरच्या वाचकांची तरी दिशाभूल टळली असती, आणि इथे बाहेरचे वाचक महत्त्वाचे होते. ७४ टक्के लोकांचं म्हणणं होतं की आमच्या सरकारने तुमच्याशी बोलावं. वॉशिंग्टनच्या कानांनी ते ऐकलं असं की सरकार बाजूला सारून आमच्याशी बोला. मे २००३मध्ये, बगदाद पडल्यावर, तेहरानमधल्या स्विस राजदूतामार्फत अणुकार्यक्रमापासून हिजबुल्लापर्यंत सगळ्याच विषयांवर बोलण्याचा प्रस्ताव अमेरिकेकडे गेला. त्याला कितपत वरची मान्यता होती यावर वाद आहेत. बुश प्रशासनाने तो तपासूनही पाहिला नाही, उलट पाठवणाऱ्या स्विस राजदूतावरच नाराजी दाखवली. आपल्या बाजूला जनता आहे असं ज्याने गृहीत धरलं आहे, तो राज्यकर्त्यांच्या कागदाला कशाला हात लावेल?

आज कोणी तीच प्रश्नावली पुन्हा काढायला बसलं तर एक प्रश्न नव्याने घालावा लागेल. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने हल्ला केला तेव्हा इराण-अमेरिका बोलण्यांच्या पाच फेऱ्या झालेल्या होत्या आणि सहावी दोनच दिवसांनी मस्कतला ठरलेली होती. २२ जूनला अमेरिकी विमानांनी फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. म्हणून 'चर्चा हवी का' याच्या आधी विचारावं लागेल: बोलणी चालू असताना हल्ला होणार नाही, याची हमी कोणाकडून आली तर तुम्ही ती खरी धराल? पर्यायांत अमेरिका, युरोप, रशिया, चीन, ओमान, कतार यांची नावं असावीत, आणि शेवटी 'कोणाचीही नाही' हा रकानाही.